टेबल टॉप बेसिन: उंची, तोटी आणि कपलिंग जमणार असेल तरच घ्या

सॅनिटरीच्या दुकानात दर्शनी भागात आता बहुतेक टेबल टॉप बेसिनच मांडलेली असतात. ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवलेला गोल किंवा चौकोनी बाऊल, मागे उंच मानेचा नळ आणि खाली कपाट. प्रकार देखणा आहे यात शंका नाही. पण वॉश बेसिन ही दिवसातून पंधरा-वीस वेळा वापरायची वस्तू आहे. जेवून उठल्यावर हात धुणे, चूळ भरणे, दात घासणे, दाढी करणे हे सगळे तिथेच होते. त्यामुळे या प्रकाराचा कस आम्ही वापर आणि फिटिंग या दोन गोष्टींवर लावला आहे.

मत आधीच सांगतो. ओट्याला किमान १८ इंच खोली मिळत असेल, ओट्याची उंची अजून ठरायची असेल आणि बाऊल आतून किमान साडेचार इंच खोल असेल, तर टेबल टॉप जरूर घ्या. चार बाय सात फुटांच्या बाथरूममध्ये, किंवा ओटा आधीच बांधून झालेला असेल तिथे, घेऊ नका. तिथे २० × १६ इंचांचे भिंतीवरचे बेसिन अर्ध्या पेडेस्टलसह (खालचे पाइप झाकणारे, फरशीला न टेकणारे सिरॅमिकचे कवच) बसवा. खर्च कमी येतो आणि फरशी पुसायला मोकळी राहते.

उंचीचा हिशेब

बेसिनची वरची कड तयार फरशीपासून ३१ ते ३३ इंचांवर यावी. भिंतीवरच्या बेसिनला हे सरळ जमते, कारण कड आणि बेसिन एकच. टेबल टॉपमध्ये ओट्याच्या उंचीत बाऊलची उंची मिळवावी लागते आणि नेमकी तिथेच सर्वाधिक गफलत होते. मिस्त्रीच्या हाताला स्वयंपाकाच्या ओट्याची सवय असते, म्हणजे ३२ ते ३४ इंच. त्याने बाथरूमचा ओटाही ३२ इंचांवर बांधला आणि त्यावर पाच इंचांचा बाऊल आला, की कड ३७ इंचांवर जाते. पाच फूट उंचीच्या माणसाचे कोपर साधारण याच उंचीला येते. मग हात धुताना पंजा कोपरापेक्षा वर उचलावा लागतो आणि पाणी मनगटावरून उतरून थेट बाहीत जाते. लहान मुलांना आणि वाकलेल्या आजीला तर नळापर्यंत पोहोचणेच अवघड होते.

म्हणून हिशेब उलटा करायचा. कड ३२ ते ३३ इंचांवर हवी, बाऊल पाच इंचांचा आहे, तर ग्रॅनाइटचा वरचा पृष्ठभाग २७ ते २८ इंचांवर. बाऊल सहा इंचांचा असेल तर २६ ते २७. ही उंची स्लॅबपासून किंवा कोब्यापासून मोजू नका. फरशी आणि तिच्याखालचा मसाला मिळून दोन-तीन इंच सहज जातात. काम सुरू होण्याआधी लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) भिंतींवर तयार फरशीपासून एक मीटरची खूण करून घ्या आणि नळ, निचरा, ओटा, आरसा अशी सगळी मापे त्या खुणेपासूनच द्या.

अशा उंचीचा ओटा दिसायला बुटका वाटतो आणि सुतार किंवा इंटीरियरवाले तो वाढवायला सुचवतात. ऐकू नका. कपाटाची एक फळी कमी झाली तरी चालेल.

आडवी मापेही तितकीच महत्त्वाची. बेसिनचा मध्य बाजूच्या भिंतीपासून किमान १५ इंच असावा, नाहीतर तोंड धुताना कोपर भिंतीला लागते. पुढे उभे राहायला किमान २१ इंच मोकळी जागा हवी, २४ मिळाली तर उत्तम. दरवाजा आत उघडत असेल तर तो पूर्ण उघडून बेसिनच्या कडेला लागत नाही ना, हे खडूने जमिनीवर आखून पाहा. जेवणाच्या खोलीतल्या किंवा पॅसेजमधल्या बेसिनला ही चाचणी हमखास विसरली जाते. येणाऱ्या-जाणाऱ्याची कंबर ज्या कोपऱ्याला घासेल तिथे चौकोनी बाऊल नको, गोल किंवा अंडाकृती घ्या.

बाऊलचा आकार आणि तोटी

दिसायला सर्वात छान ते उथळ, ताटलीसारखे पसरट बाऊल. आमच्या मते हात धुण्याच्या बेसिनसाठी ते घेऊच नयेत. आपल्याकडे जेवल्यावर चूळ भरतात आणि चुळीचे पाणी जोरात पडते. तीन-साडेतीन इंचांच्या बाऊलमधून ते ओट्यावर आणि आरशावर उडते. आतली खोली किमान साडेचार इंच हवी. तळाचा उतारही बघा. सपाट तळाच्या चौकोनी बाऊलच्या कोपऱ्यांत साबणाचे पाणी आणि भाताची शिते अडून राहतात आणि प्रत्येक वेळी हाताने लोटावी लागतात. दुकानात मगभर पाणी ओतून दाखवायला सांगा. चांगल्या बाऊलमध्ये कोपऱ्यांत डबके उरत नाही.

बाऊलचा तळही तपासा. ग्रॅनाइटच्या सपाट तुकड्यावर ठेवून दाबला आणि डुगडुगला, तर भट्टीत वाकलेला आहे. दोन मिलिमीटरपर्यंतचा फरक सिलिकॉनमध्ये जिरतो, जास्त असेल तर बदलून मागा. तळाच्या ग्लेझ नसलेल्या कडेवर पाण्याचा थेंब टाका. तो चटकन शोषला गेला तर माती नीट भाजलेली नाही. व्हिट्रियस चायनासाठी, म्हणजे बेसिनच्या पक्क्या भाजलेल्या सिरॅमिकसाठी, भारतीय मानक आयएस २५५६ आहे आणि त्यात पाणी शोषण्याची मर्यादा ०.५ टक्का आहे. गुजरातेतल्या थानगढहून येणाऱ्या कमी किमतीच्या मालातही चांगले नग मिळतात, पण तिथे प्रत्येक नग स्वतः तपासूनच घ्यावा.

रंगीत मॅट बाउलबद्दल थोडक्यात: बोअरचे किंवा टँकरचे पाणी वापरत असाल तर काळा, करडा आणि काचेचा बाऊल टाळा. क्षारांचा पांढरा थर त्यावर लगेच उठून दिसतो आणि खरवडून काढताना मॅट ग्लेझ डागाळते. साधे पांढरे चकचकीत ग्लेझ या पाण्यात सर्वांत कमी त्रास देते.

आता तोटी. पाणी कुठे पडते यावर बेसिनचे सुख ठरते. ओट्यावर बसणाऱ्या उंच नळाचे उदाहरण घ्या. नळाचे भोक भिंतीपासून अडीच इंचांवर, बाऊलची मागची कड साडेचार इंचांवर आणि बाऊल १४ इंचांचा. म्हणजे बाऊलचा मध्य भिंतीपासून साडेअकरा इंचांवर येतो. नळाची तोटी सहा इंच पुढे येत असेल तर पाणी साडेआठ इंचांवर पडेल, म्हणजे निचऱ्याच्या तीन इंच मागे आणि कडेच्या चार इंच आत. हे चालते. तोटी चारच इंचांची असेल तर धार कडेपासून जेमतेम दोन इंचांवर पडते आणि हात धुताना बोटे बाऊलच्या मागच्या भिंतीला घासतात. दुसऱ्या टोकाला, धार थेट पॉप-अपच्या, म्हणजे निचऱ्यावरच्या दाबायच्या झाकणाच्या, घुमटावर पडली तर पाणी चहूकडे उडते. धार निचऱ्याच्या एक ते तीन इंच मागे, उतारावर पडावी.

तोटी आणि बाऊलची कड यांत चार ते पाच इंचांचे अंतर ठेवा. त्याहून कमी असेल तर हात फिरत नाहीत, फार जास्त असेल तर शिंतोडे उडतात. पाच इंचांच्या बाऊलला तोटीची उंची ओट्यापासून नऊ ते दहा इंच. नळ आणि बाऊल वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या दुकानांतून घेतले की हे जुळत नाही. एक घेताना दुसऱ्याची मापे खिशात ठेवा.

भिंतीतून येणारी तोटी सुंदर दिसते, ओटाही स्वच्छ राहतो. पण तिची कन्सील्ड बॉडी, म्हणजे भिंतीत गाडला जाणारा भाग, टाइल लावण्याआधी बसवावी लागते. म्हणजे बाऊल पसंत करून, त्याची उंची मोजूनच बॉडीची जागा ठरवायची. बॉडीवरच्या प्लॅस्टिकच्या टोपीवर किमान आणि कमाल खोलीच्या खुणा असतात. टाइलचा तयार पृष्ठभाग त्या दोन खुणांच्या मध्ये आला पाहिजे. बॉडी जास्त आत गेली तर एक्स्टेन्शन शोधत फिरावे लागते, बाहेर राहिली तर वरचा झाकणाचा पत्रा भिंतीला टेकत नाही. पुढे बाऊल बदलायचा झाला तरी याच उंचीचा घ्यावा लागतो, हेही लक्षात असू द्या.

सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांसाठी एक इशारा. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब म्हणजे साधारण एक बार. टाकीचे पाणी नळापेक्षा दोन-तीन मीटरच वर असेल तर दाब ०.२ ते ०.३ बार मिळतो आणि बऱ्याच सिंगल लिव्हर मिक्सरना (एकाच दांडीने गरम-थंड पाणी मिसळणाऱ्या नळांना) तो पुरत नाही, धार बारीक येते. प्रेशर पंप नसेल तर तिथे साधा पिलर कॉक, म्हणजे एकाच पाण्याचा उभा नळ, चांगला.

कपलिंग: सर्वांत दुर्लक्षित भाग

बेसिनखाली पाणी ठिबकते, तेव्हा पहिला संशय वेस्ट कपलिंगवर, म्हणजे बाऊलच्या तळाच्या भोकात बसणाऱ्या निचऱ्याच्या तुकड्यावर, घ्यावा. बाजारात ३२ मिलिमीटरची कपलिंग दोन प्रकारची मिळते, हाफ थ्रेड आणि फुल थ्रेड. हाफ थ्रेडच्या वरच्या भागात खिडक्या असतात. बेसिनला ओव्हरफ्लोचे (काठाजवळ जादा पाणी जाण्यासाठीचे) भोक असेल तर त्यातून उतरलेले पाणी या खिडक्यांतून पाइपात जाते. फुल थ्रेडला खिडक्या नसतात, ती ओव्हरफ्लो नसलेल्या बाऊलसाठी. बहुतेक टेबल टॉप बाउलना ओव्हरफ्लो नसतो, म्हणून फुल थ्रेड. इथे हाफ थ्रेड लावली तर खिडकीचा भाग सिरॅमिकच्या खाली उतरतो आणि पाणी थेट कपाटात पडते. उलट, ओव्हरफ्लोच्या बेसिनला फुल थ्रेड लावली तर ओव्हरफ्लोच्या पोकळीतले पाणी बाहेरच पडत नाही, तिथेच कुजते. बेसिनमधून येणारा तो ओळखू न येणारा वास पुष्कळदा या पोकळीतलाच असतो.

लांबीही बघा. ८० आणि १३० मिलिमीटर अशा दोन लांबी सहज मिळतात. बाऊलचा तळ २० मिलिमीटर, ग्रॅनाइट १८ आणि खाली प्लायवूड १८, असे ५६ मिलिमीटर जाडीतच गेले. ८० च्या कपलिंगला मग २४ मिलिमीटर उरतात. त्यात वॉशर, नट आणि बॉटल ट्रॅपची (खालच्या वाटीत पाणी धरून वास अडवणाऱ्या जोडाची) चकती बसत नाही. टेबल टॉपला १३० चीच घ्या.

ओव्हरफ्लो नसलेल्या बाऊलला दाबून बंद होणारे पॉप-अप लावू नये, हे आमचे ठाम मत. मुलाने ते दाबून ठेवले आणि नळ चालू राहिला तर पाणी जायला दुसरी वाटच नसते, ते ओट्यावरून घरभर पसरते. न बंद होणारी, जाळीची किंवा स्थिर टोपीची कपलिंग मिळते, तीच घ्या.

बसवताना ग्रॅनाइटला ४५ मिलिमीटरचे भोक कोअर कटरने पाडून घ्या. छिन्नीने पाडलेल्या भोकाभोवती बारीक चिरा राहतात. भोकाच्या आत दिसणाऱ्या प्लायवूडच्या कडेला सिलिकॉन किंवा इपॉक्सी फासा, नाहीतर प्लाय तिथूनच फुगायला लागते. कपाटासाठी प्लायही ७१० ग्रेडचे, म्हणजे पाण्याला टिकणारे मरीन प्लाय, असावे. कपलिंगच्या वरच्या चकतीखाली रबर वॉशर आणि सिलिकॉनची पातळ रेघ, खाली शंकूच्या आकाराचा वॉशर, मग नट. नट हाताने घट्ट करून पान्याने फक्त पाव फेरा द्यायचा. जोर लावून आवळला की तळाला केसासारखी चीर जाते आणि ती काही दिवसांनी दिसते.

बाऊल ओट्यावर पांढऱ्या सिमेंटने चिकटवून देतो असे प्लंबर म्हणाला तर नको म्हणा. सिमेंट पिवळे पडते, त्याला भेगा जातात, आणि पुढे बाऊल काढायचा झाला तर तो फोडल्याशिवाय निघत नाही. बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉन वापरा. ओटा संगमरवराचा असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन चालणार नाही, त्यातल्या आम्लाने दगडावर डाग पडतो. तिथे न्यूट्रल सिलिकॉन मागून घ्या. रेघ ओढल्यावर २४ तास नळ वापरू नका.

ओट्याखाली

निचऱ्याच्या पाइपाचे तोंड भिंतीत फरशीपासून १९ ते २० इंचांवर आणि बेसिनच्या मध्याच्या बरोबर समोर असावे. अँगल कॉक (बेसिनखालचे पाणी बंद करायचे छोटे नळ) २२ इंचांवर, मध्यापासून दोन्ही बाजूंना तीन-तीन इंचांवर. गरम डावीकडे, थंड उजवीकडे. निचऱ्याचे तोंड ट्रॅपपेक्षा उंच राहिले तर आडव्या पाइपात पाणी कायम साचते. फार खाली गेले तर तिरका जोड देऊन काम भागवले जाते आणि तो जोड वारंवार सुटतो. भिंतीतला पाइप ४० मिलिमीटरचा, उतार मीटरला २५ मिलिमीटर.

बॉटल ट्रॅपला किमान ५० मिलिमीटर पाण्याचे सील, म्हणजे वास अडवणारा पाण्याचा थर, असले पाहिजे. दुकानात खालची वाटी उघडून आतली नळी बाहेर जाणाऱ्या तोंडाच्या किती खाली उतरते ते पट्टीने मोजा. स्वस्तातल्या काही चकचकीत ट्रॅपमध्ये ही नळी फारच आखूड असते. मग थोडेच दिवस बेसिन वापरले नाही की पाणी सुकते आणि वास, झुरळे वर येतात. पितळेचा जाड ट्रॅप उघड्यावर चांगला दिसतो. कपाटात लपणार असेल तर चांगल्या प्रतीचा एबीएस किंवा पीव्हीसीचा ट्रॅप बरा. तो गंजत नाही, हाताने उघडतो आणि किमतीने पितळेच्या मानाने पुष्कळ कमी. वाटी उघडायला खाली सहा इंच मोकळे सोडा. कपाटात खण करायचा असेल तर ट्रॅपभोवती यू आकाराचा काप घ्यावा लागतो, सुताराला आधीच सांगा.

कोंबडीच्या नरड्यासारखा वळ्यावळ्यांचा वेस्ट पाइप थेट नहाणी ट्रॅपच्या (फरशीतल्या निचऱ्याच्या) जाळीत सोडणे ही जुनी पद्धत. ती सोडून द्या. वळ्यांत साबण आणि तेलकटपणा साचतो, पाइप झोळ खातो आणि जाळी कायम उघडी राहते. निचरा नहाणी ट्रॅपलाच न्यायचा असेल तर ट्रॅपच्या बाजूच्या तोंडाला, फरशीखालून जोडून घ्या. ट्रॅपचा पाइप भिंतीत जिथे शिरतो तिथे रबरी बुश बसवा. तिथे चिंधी गुंडाळून वरून फ्लँज सरकवलेली आढळते, वासाचा उगम पुष्कळदा तिथे असतो. पाणी जाताना घळघळ आवाज येत असेल तर ट्रॅपमधले सील ओढले जात आहे असे समजा. पुढचा पाइप फार लांब आहे किंवा एकदम खाली उतरतो आहे, तेच दुरुस्त करावे लागेल.

अँगल कॉक बसवण्याआधी लाइन बादलीभर पाणी सोडून धुऊन घ्या. टाकीतली वाळू आणि सीपीव्हीसीच्या (प्लॅस्टिकच्या) पाइपाचा कीस नव्या नळाच्या काट्रिजवर, म्हणजे आतल्या पाणी सोडण्या-बंद करण्याच्या भागावर, ओरखडे पाडतो. टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने, आठ-दहा फेरे. पितळी एल्बो टाइलच्या आत राहिली असेल तर योग्य लांबीचे एक्स्टेन्शन निपल लावा. दोनच आट्यांवर कॉक अडकवलेला चालणार नाही.

भिंतीवरचे बेसिन कधी सरस

छोट्या बाथरूममध्ये, भाड्याच्या घरात आणि वृद्धांसाठी भिंतीवरचे बेसिन निर्विवाद चांगले. उंची हवी तशी, ओव्हरफ्लो असतो, ओट्यावर पाणी साचायचा प्रश्न नाही. १८ × १२ हे माप फक्त पाहुण्यांच्या टॉयलेटपुरते, रोजच्या वापराला २० × १६ किंवा २२ × १६. अर्धे पेडेस्टल लावणार असाल तर अँगल कॉक त्याच्या आत राहूनही हाताला लागतील अशी जागा आखून घ्या.

त्याची एकच खरी अडचण म्हणजे भिंत. विटांच्या भिंतीत बेसिन धरणारे रॅक बोल्ट पक्के बसतात. चार इंची सिपोरेक्स (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकच्या भिंतीत साधा प्लग धरत नाही, कुणी बेसिनवर हात टेकून उठले की तो भोकासकट बाहेर येतो. तिथे बोल्टच्या जागी ब्लॉक कोरून काँक्रीट भरून घ्या किंवा केमिकल अँकर (भोकात चिकट रसायन भरून बसवायचा बोल्ट) वापरा, पलीकडची बाजू मोकळी असेल तर आरपार बोल्ट. भोकांची खूण छापील मापावरून करू नका, बेसिनच्या पाठीवरूनच घ्या. टाइलमध्ये ड्रिल करताना आधी हॅमर बंद ठेवून टाइलचा बिट, टाइल पार झाल्यावरच हॅमर. पाण्याच्या पाइपांचे फोटो टाइल लागण्याआधी शेजारी टेप धरून काढलेले असतील तर पाइपात भोक पडत नाही.

फिटिंगवाल्याला पैसे देण्याआधी ही चाचणी घ्या. कपलिंगचे तोंड तळहाताने किंवा रबरी झाकणाने बंद करून बाऊल काठापासून दोन बोटे खाली भरा आणि दहा मिनिटे ठेवा. मग सगळे पाणी एकदम सोडा. ते जात असताना कपलिंगचा नट, ट्रॅपची वरची चकती, वाटी आणि भिंतीतला जोड, चारही ठिकाणी कोरड्या वर्तमानपत्राचा तुकडा फिरवा. कागद ओला झाला तर तो जोड उघडून पुन्हा बसवून घ्या, वरून सिलिकॉन फासून चालवू देऊ नका. अँगल कॉक पूर्ण बंद होतात का हेही त्याच वेळी पाहा आणि नळाची जाळी काढून धुऊन घ्या, पहिल्या दिवशी तिच्यात कीस अडकलेला असतोच.